रकान्याबाहेरची मुलं

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी देशातल्या तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०२२ सालच्या अहवालानुसार त्या वर्षअखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांत २३,७७२ स्त्रिया. त्यांपैकी १,५३७ जणींसोबत त्यांची १,७६४ मुलं आत राहत होती. अहवाल जाडजूड आहे. बंद्यांचं वय, शिक्षण, धर्म, जात, खटल्याचा टप्पा, आजार, मृत्यूचं कारण असं पुष्कळ काही त्यात सापडतं. आईबरोबर आत असलेली मुलंही सापडतात. पण आतल्या सगळ्या माणसांची बाहेर राहिलेली मुलं किती, ती कुठं आहेत, कुणाकडे आहेत, आईला किंवा बापाला शेवटची कधी भेटली, यासाठी रकाना नाही.

तुरुंगातल्या आईबापांच्या मुलांच्या या विषयात नव्यानं येणाऱ्या वाचकाचं स्वागत करायचं तर आधी ही रिकामी जागाच दाखवावी लागते. पोलीस आरोपी मोजतात, न्यायालयं खटले मोजतात, तुरुंगात रोज गिनती होते, शाळा हजेरी घेते. बाप आत असलेलं मूल यांतल्या एखाद्या वहीत असतंही, पण त्याचा बाप आत आहे ही गोष्ट त्या वहीला ठाऊक नसते. अमेरिकेत २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत हा प्रश्न थेट कैद्यांनाच विचारला गेला. त्यावरून, तिथल्या राज्यांच्या आणि संघीय तुरुंगांत असलेल्या आईबापांची सुमारे १४ लाख ७४ हजार अल्पवयीन मुलं होती, असा अंदाज काढता आला. आपल्याकडेही तुरुंगात दाखल होणाऱ्या माणसाला नाव-गाव-पत्त्यापासून अनेक प्रश्न विचारले जातात. त्यांत आणखी एकाची भर घालायला खर्च येत नाही. खरी अडचण पुढची आहे. मिळालेलं उत्तर कुणाच्या टेबलावर जाणार? गृह, महिला व बालविकास आणि शालेय शिक्षण या तिन्ही खात्यांच्या हद्दी या मुलाच्या घराजवळून जातात, पण घर कुठल्याच हद्दीत येत नाही.

अभ्यासक्षेत्र म्हणून या विषयाचं वय फार नाही. पॉलिन मॉरिस यांचं इंग्लंडमधल्या कैद्यांच्या कुटुंबांवरचं पुस्तक १९६५ साली आलं. त्यात प्रामुख्यानं बोलतात त्या बायका; मुलं आईच्या बोलण्यातून दिसतात. मुलाकडे स्वतंत्रपणे पाहायला आणखी बरीच वर्षं जावी लागली. १९८९ च्या बालहक्क संहितेनं त्याला कायद्याची भाषा दिली आणि भारतानं ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. तिच्या नवव्या कलमात दोन गोष्टी आहेत. आईबापापासून वेगळं पडलेल्या मुलाला त्यांच्याशी नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क आहे, ही पहिली. मुलाच्या हिताला बाध येत असेल तर तेवढा अपवाद. दुसरी गोष्ट वाचणारे थोडे. ताटातूट सरकारच्या कृतीमुळे, म्हणजे अटकेमुळे किंवा कैदेमुळे झाली असेल, तर आई किंवा बाप कुठं आहे याची माहिती मागितल्यावर कुटुंबाला देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. २०१० साली संयुक्त राष्ट्रांनी स्त्री-कैद्यांसाठी बँकॉक नियम मंजूर केले. मुलांच्या भेटी मोकळ्या वातावरणात व्हाव्यात, आई आणि मूल एकमेकांना स्पर्श करू शकतील अशा व्हाव्यात, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे.

महाराष्ट्रात या कामाची मुळं दोन ठिकाणी सापडतात. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर १९८३ साली निकाल आला. पुढं तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठीही त्या न्यायालयात गेल्या. दुसरं मूळ टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आहे. तिथं १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘प्रयास’ या प्रकल्पानं समाजकार्यकर्त्यांना थेट तुरुंगात, पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात नेऊन बसवलं. खटल्याच्या कागदांत न दिसणारी माणसं त्यांना तिथं भेटली: चौथीतला भाऊ आणि अंगणवाडीतली बहीण शेजारणीकडे सोडून आलेली आई, किंवा आपली मुलं कुठल्या बालगृहात ठेवली आहेत हेच ठाऊक नसलेली आई. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १३ एप्रिल २००६ रोजी स्त्री-कैद्यांच्या मुलांबद्दल सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या प्रकरणात टाटा संस्थेनंही आपलं म्हणणं मांडलं होतं.

हा निकाल या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं मुळातून वाचावा. आईसोबत राहणाऱ्या मुलाला कैदी समजायचं नाही. अन्न, औषध, कपडे, शिक्षण, खेळ हे त्याला हक्कानं मिळालं पाहिजे. जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाचं नाव येता कामा नये, हे सगळं त्यात आहे. पण मन गुंतून राहतं ते निकालात आलेल्या मुलांच्या वर्णनात. उत्तरेकडच्या तुरुंगांतल्या पाहणीत दिसलेली ही मुलं. फक्त बायकांच्या बराकीत वाढल्यामुळे काही मुलगे स्वतःबद्दल मुलींसारखं बोलत. आईच्या तारखेला कोर्टात जाताना रस्त्यावर जनावर दिसलं की घाबरत. घर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

न्यायालयानं सहा वर्षांवर रेघ ओढली. त्यानंतर मूल नातेवाइकांकडे किंवा संस्थेत जातं. संस्थेत गेलेल्या मुलाला आठवड्यातून निदान एकदा आईची भेट मिळावी आणि त्याला तुरुंगापर्यंत आणण्याची जबाबदारी समाजकल्याण खात्याची, असंही निकालात आहे. वयाची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते, कारण ती तुरुंगाच्या नोंदवहीत असते. साप्ताहिक भेटीचं तसं नाही. त्यासाठी गाडी लागते, सोबतीला माणूस लागतो, दोन खात्यांमध्ये पत्रव्यवहार लागतो. मूल वेगळं करणारा नियम आपोआप अमलात येतो आणि मूल भेटवणारा नियम कुणीतरी हलवल्याशिवाय हलत नाही. या क्षेत्राचं निम्मं काम म्हणजे हे हलवणं.

इथपर्यंत जे आलं ते आईबद्दल आणि लहान मुलाबद्दल. वरच्या आकड्यांत स्त्रिया शंभरात चार आहेत. म्हणजे आई-बापापैकी कुणीतरी आत असलेल्या बहुतेक मुलांचा बापच आत असतो, आणि आपला बहुतेक कायदा मात्र आईचा विचार करतो. दक्षिण आफ्रिकेत हा पेच फार लवकर उघडा पडला. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर नेल्सन मंडेला यांनी १९९४ मध्ये बारा वर्षांखालची मुलं असलेल्या कैदी मातांची शिक्षा माफ केली. ह्यूगो नावाच्या एका कैद्याचंही मूल बारा वर्षांखालचं होतं आणि त्या मुलाची आई वारलेली होती. मला का नाही, असं विचारत तो न्यायालयात गेला. १९९७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं बहुमतानं मंडेलांचा निर्णय वैध ठरवला. मुलांना सांभाळण्याचा भार समाजात प्रत्यक्षात आयांवरच असतो, हे त्यामागचं एक कारण होतं. दहा वर्षांनी त्याच न्यायालयासमोर तीन मुलग्यांची आई आली. गुन्हा क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीचा होता. या वेळी न्यायमूर्ती अल्बी साक्स यांनी वेगळा प्रश्न विचारला. शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशानं, या माणसाला आत पाठवलं तर मुलांचं काय होईल, हे स्वतःहून तपासायला नको का? मूल हे आईबापाचं शेपूट नसून स्वतंत्र व्यक्ती आहे, तेव्हा त्यांच्या पापाची फळं त्यानं भोगावीत असं कायदा गृहीत धरू शकत नाही, अशी त्या निकालाची भूमिका आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडला तर मी हे दोन निकाल लागोपाठ वाचायला सांगेन.

आता एका सापळ्याबद्दल. या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांना पैसा लागतो, आणि पैसा देणाऱ्याला पटकन पटणारं एक वाक्य असतं: या मुलांकडे आज लक्ष दिलं नाही तर उद्या तीही गुन्हेगार होतील. हे वाक्य परिषदांत ऐकू येतं, प्रकल्पांच्या प्रस्तावांत येतं, सद्भावनेनं उच्चारलं जातं. माझ्या मते या क्षेत्राचं सर्वांत मोठं नुकसान याच वाक्यानं केलं आहे.

ते कशावर उभं आहे ते पाहू. केंब्रिजच्या एका प्रसिद्ध अभ्यासानं दक्षिण लंडनच्या ४११ मुलग्यांचा लहानपणापासून प्रौढपणापर्यंत माग ठेवला. जोसेफ मरी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २००५ मध्ये त्यातली माहिती तपासली. वयाच्या पहिल्या दहा वर्षांत आई किंवा बाप तुरुंगात गेलेल्या मुलग्यांच्या वाट्याला पुढं गुन्ह्यांत अडकणं जास्त आलं. आजारपण किंवा मृत्यूमुळे पालक दुरावलेल्या मुलग्यांपेक्षाही जास्त. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण त्या गटात मुलगे होते २३. त्याच संशोधकांनी २००७ मध्ये स्टॉकहोमच्या पंधरा हजारांवर मुलांच्या माहितीशी तुलना केली. तिथं आईबापांची मूळची गुन्हेगारी हिशेबात घेतल्यावर कैदेचा वेगळा परिणाम उरला नाही. स्वीडनमधले कुटुंबाला धरून चालणारे तुरुंग, भक्कम समाजकल्याण व्यवस्था, शेजाऱ्यापाजाऱ्यांची कमी कठोर नजर अशी कारणं त्यांनी सुचवली. पुढं २०१२ मध्ये मरी आणि सहकाऱ्यांनी चाळीस अभ्यास एकत्र पडताळले. बेशिस्त किंवा समाजविघातक वागण्याशी आईबापाच्या कैदेचा संबंध दिसला. मानसिक आजार, व्यसन किंवा अभ्यासातलं मागेपण यांच्याशी दिसला नाही. म्हणजे जे काही घडतं ते रक्तातून येत नाही आणि अटळही नाही. आजूबाजूची व्यवस्था बदलली की तेही बदलतं.

महाराष्ट्रात तर हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा गुन्हा वारशानं येतो याच समजुतीवर उभा होता. विसाव्या शतकातल्या त्याच्या आवृत्तीत सरकारला या जमातींची मुलं आईबापांपासून काढून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार दिलेला होता. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटची आठवण पारधी, कैकाडी, भामटा वस्त्यांतून अजून गेलेली नाही. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पहाटे वस्तीवर पोलीस येणं थांबलं नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचलेल्याला सांगायला नको. मूल आणि आईबाप यांचं नातं तोडलं की गुन्हा थांबेल, असा प्रयोग या भूमीवर सरकारनं करून पाहिलेला आहे. ज्या मुलाला आपण भेटीला नेतो, त्याच्याकडे उद्याचा आरोपी म्हणून पाहत नेलं तर आपण त्याच कायद्याच्या ओट्यावर बसलेलो असतो. मुलाला बापाला भेटायचं असतं कारण तो त्याचा बाप आहे. एवढं कारण पुरेसं मानण्याची सवय या क्षेत्राला लावून घ्यावी लागेल.

नजरेनं किती फरक पडतो याचा दाखला मराठी घरांतच आहे. आणीबाणीत ‘मिसा’ कायद्याखाली समाजवादी, संघाचे, जनसंघाचे, संघटना काँग्रेसचे हजारो कार्यकर्ते येरवडा, नाशिक रोड, ठाण्याच्या तुरुंगांत गेले. मागं राहिलेल्या घरांत पैशांची ओढाताण होती, भीती होती, काही ठिकाणी शेजारी बोलेनासेही झाले. तरी त्या घरांतली मुलं आज साठीला टेकल्यावर येरवड्याच्या भेटीची गोष्ट सांगतात ती मान वर करून. तोच दरवाजा, त्याच रांगा, आत तसाच बाप. चोरीच्या किंवा मारामारीच्या आरोपातल्या माणसाचं मूल त्याच दरवाजातून बाहेर येतं ते शाळेत काय सांगायचं याची जुळवाजुळव करत. मराठीतलं तुरुंगाचं साहित्य श्रीमंत आहे. ‘श्यामची आई’सुद्धा साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पण ते लिहिणारा बहुतेक वेळा राजकीय कैदी आहे. बाहेर थांबलेल्या सामान्य कैद्याच्या मुलानं लिहिलेलं मराठीत फार थोडं सापडतं.

संपर्क नेमका कुठं घडतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याबद्दलची धोरणं कागदावरच राहतात. सुरुवात अटकेपासून होते. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटकेच्या वेळी पाळायच्या अकरा सूचना दिल्या. नातेवाइकाला कळवा, अटकेचा कागद करा, वैद्यकीय तपासणी करा. त्यांत मुलाचा उल्लेख नाही. घरात झोपलेलं मूल आहे का, ते आता कुणाकडे जाणार, त्याच्यासमोर बेड्या घालायलाच हव्यात का, हे विचारायला कुणी बांधील नाही. समजूतदार हवालदार विचारतो. काही वेळा शेजारणीला हाक मारतो.

मग तारीख येते. कच्च्या कैद्याच्या कुटुंबाला विचारलं की भेट कुठं होते, तर तुरुंगातल्या भेटीच्या, म्हणजे मुलाखतीच्या, खिडकीआधी अनेकदा तारखेचंच नाव निघतं. कोर्टाच्या आवारात पोलिसांची गाडी येते, घरचे सकाळपासून थांबलेले असतात, बंदोबस्ताच्या पार्टीतला एखादा पोलीस भला निघाला तर बाकावर पाच मिनिटं मिळतात. मूल मांडीवर बसतं, वडापावचा अर्धा तुकडा बापाच्या हातून खातं. कुठल्याही नियमात नसलेली ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालत आली. आता आरोपीला तुरुंगातूनच व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, हजर करतात. कारणं खरी आहेत: बंदोबस्ताला पोलीस नसतात, ‘पार्टी मिळाली नाही’ म्हणून तारखा वाया जातात, पळून जाण्याची भीती असते. या सोयीनं सरकारचं किती डिझेल वाचलं ते काढता येईल. बाकावरची पाच मिनिटं गेली, याचा हिशेब ठेवणारं मात्र कुणी नाही. व्हीसी रद्द करा असं मी म्हणणार नाही. पण जे काढून घेतलं त्याच्या बदल्यात काय दिलं, हा प्रश्न न्यायालय प्रशासनाला विचारायला हवा.

मुलाखतीबद्दल बाहेरच्यांच्या कल्पना सिनेमातून आलेल्या असतात. प्रत्यक्षात पहाटेचा प्रवास, नावनोंदणी, आधार कार्ड, सामान बाहेर ठेवणं आणि मग जाळी किंवा काच, मध्ये इंटरकॉमचा रिसीव्हर. मिनिटं मोजकी. मोठ्यांना वकिलाचं बोलायचं असतं, जामीनदाराचं, पैशांचं, घरभाड्याचं. लेकराच्या कानाला रिसीव्हर लागतो तो शेवटी, आणि तेवढ्यात वेळ संपते. अमेरिकेत ज्युली पोलमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मुलाची तयारी करून, मुलासाठी नीट आखलेल्या भेटी हितकारक ठरतात. काचेआडच्या, अनोळखी आणि धाकाच्या वातावरणातल्या भेटी लहान मुलांना अस्वस्थ करू शकतात, असं त्यातून दिसलं. भेट वाढवा एवढंच म्हणून भागत नाही ते यासाठी. इटलीत काही तुरुंगांच्या प्रतीक्षालयात मुलांसाठी ‘पिवळी जागा’ असते. भेटीआधी तिथं चित्रं काढता येतात, आत काय होणार ते कुणीतरी समजावून सांगतं. २०१४ मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयानं कैद्यांच्या मुलांच्या हक्कांच्या सनदेवर सही केली. डेन्मार्कच्या तुरुंगांत मुलांची जबाबदारी सोपवलेले अधिकारी असतात. यातलं काहीही श्रीमंत देशांनाच परवडेल असं नाही. भिंतीला रंग आणि एक सतरंजी आपल्याकडेही मिळते.

आपल्याकडेही काही घडलं आहे. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचा ‘गळाभेट’ हा उपक्रम नावासकट आवडावा असा आहे. मुख्यतः शिक्षा झालेल्या बंद्यांना त्यांची मुलं जाळीशिवाय भेटतात, मांडीवर बसतात, सोबत खाऊ खातात. माझ्या दोन तक्रारी आहेत. हा कार्यक्रम असतो. पाहुणे येतात, छायाचित्रं निघतात. मुलाच्या आयुष्यात कार्यक्रमापेक्षा ठरलेला वार महत्त्वाचा. आणि देशातल्या बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी आहेत. अजून गुन्हा सिद्ध न झालेल्या बापाला मिठी मारायला मुलानं निकालाची वाट का पाहावी, याचं उत्तर मला सापडत नाही.

कोविडच्या काळात भेटी बंद झाल्या आणि व्हिडिओ कॉल आले. ई-मुलाकात ही व्हिडिओ भेटीची सोय त्यानंतरही राहिली. भामरागडच्या आईला नवऱ्यासाठी नागपूर गाठायचं तर तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास आणि बुडालेली मजुरी. तिच्यासाठी पडद्यावरचा चेहरा ही मोठीच गोष्ट. अर्थात फोन हवा, रेंज हवी, नोंदणी करून देणारं कुणी हवं. पत्राचं मोल अजून संपलेलं नाही. तपासून आत-बाहेर जाणारं असलं तरी ते उशीखाली ठेवता येतं. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या तुरुंगात सुरू झालेल्या ‘स्टोरीबुक डॅड्स’नं बापाच्या आवाजात गोष्टी ध्वनिमुद्रित करून घरी पाठवल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बापाला तर आवाज हाच आधार. हे मराठीत, गोंडीत, पारध्यांच्या बोलीत करता येण्यासारखं आहे.

या सगळ्याच्या पलीकडचं एक उदाहरण आटपाडीजवळ आहे. औंध संस्थानच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन यांच्या सहभागानं १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांनी शेती करायची, कुलूप नाही. गदिमांनी त्यावरून कथा लिहिली, शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि जेलर अजरामर झाला. चित्रपटानं प्रसिद्ध केली ती माणसावर विश्वास टाकण्याची गोष्ट. आपल्या विषयाला महत्त्वाची आहे ती दुसरीच: या खुल्या वसाहतीत कैद्याला बायकामुलांसह राहता येतं. शिक्षा भोगणारा बाप संध्याकाळी घरी असतो. शिक्षा म्हणजे मुलापासून तोडणं हे समीकरण अपरिहार्य नाही, हे माणदेशातल्या या वसाहतीनं सिद्ध करून ठेवलं आहे आणि आपण त्याकडे चित्रपटाचं स्थळ म्हणून पाहतो.

बाहेर मूल ज्यांच्याकडे असतं त्यांच्याबद्दल स्वतंत्र ग्रंथ लागेल. बाप आत गेला तर मूल सहसा आईकडे राहतं. आई आत गेली तर बाप सांभाळेलच असं नसतं. आजी, मावशी, आत्या पुढं येतात किंवा येत नाहीत. भेटीची दोरी यांच्याच हातात असते. आजीचा राग असेल तर भेट होत नाही; मजुरी बुडणार असेल तरी होत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि तुरुंगातल्या पालकांची मुलं तिला पात्र ठरतात. ही माहिती मुलाखतीच्या रांगेत चिकटवलेली असायला हवी.

आणि मुलाला सांगायचं काय? ‘बाबा दुबईला गेलेत’, ‘आई दवाखान्यात आहे’. हे खोटं प्रेमापोटीच असतं, पण ते फार टिकत नाही. वस्तीतलं कुणीतरी, नाहीतर मोबाइलवर फिरणारी बातमी, काम करून जाते. मग मुलाला दोन गोष्टी एकदम कळतात: बाप आत आहे आणि घरातले आपल्याशी खोटं बोलतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सेसमी स्ट्रीटनं वडील तुरुंगात असलेला ॲलेक्स नावाचा बाहुला आणला. लहान मुलाशी हे कसं बोलावं यासाठी तो आजही उपयोगी पडतो. मराठी बालसाहित्यात ही जागा मोकळी आहे, लिहिणाऱ्यानं घ्यावी.

काही भेटी होऊ नयेत, हेही मोकळेपणानं सांगितलं पाहिजे. बापानं आईचा जीव घेतला असेल, मुलावरच अत्याचार केला असेल, तर संपर्काचा आग्रह क्रूर ठरतो. हुंडाबळीच्या प्रकरणांत आई गेलेली, बाप आणि आजी दोघंही आत, मूल मामाकडे, आणि दोन्ही घरांत कोर्टबाजी अशी स्थिती असते. अशा मुलाला कधी काही वर्षांनी स्वतःच बापाला विचारायचं असतं. तेव्हा त्याच्यासोबत जाईल असा प्रशिक्षित माणूस हवा, आणि त्याआधी कुणी त्याला ओढून नेऊ नये. हक्क मुलाचा असेल तर नको म्हणण्याचा अधिकारही त्याचाच. बाल कल्याण समित्यांसमोरचं अवघड काम हेच आहे.

सर्वांत कमी लिहिलं गेलं आहे ते सुटकेच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांबद्दल. सात-आठ वर्षांनी घरी आलेल्या बापाला आठवतं ते पहिलीतलं मूल. समोर दहावीतला मुलगा असतो, ज्यानं मधल्या काळात घर ओढलेलं असतं. कोण कुणाला विचारून बाहेर जायचं यावरून पहिल्या आठवड्यातच खटके उडतात. शिक्षेदरम्यान मिळणारी संचित रजा आणि अभिवचन रजा ही खरं तर याची रंगीत तालीम होऊ शकते. पण रजा आली की पोलीस ठाण्याची हजेरी, जामीनदाराची धावपळ, उधारीची फेड यांत दिवस जातात, आणि मूल त्या वेळी शाळेत असतं. रजेचा अर्ज निकाली निघायला वेळ लागतो, हे वकील आणि समाजकार्यकर्ते जाणतात. तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत बाप घरी हवा असेल तर अर्ज थंडीतच जायला हवा. त्यासाठी कुठला नवा नियम लागत नाही. अर्ज लिहिताना मुलाच्या शाळेचं वेळापत्रक मागून घ्यावं लागतं.